आधी संडास बांधा, मग चूर्ण विका

परवा बाजारातून येताना मंगल कार्यालयाच्या गेटवर फ्लेक्स दिसला. ‘खास महिलांसाठी मोफत नाडीपरीक्षा शिबिर. गॅस, अपचन, पोट फुगणे, बद्धकोष्ठता, पाळी जातानाचे सर्व त्रास मुळापासून बंद. चाळिशीनंतरच्या पोटाला आयुर्वेदाचा रामबाण!’

मी गाडी बाजूला लावली आणि फ्लेक्स दोनदा वाचला. कारण त्यातलं शेवटचं वाक्य माझं आहे.

चार वर्षांपूर्वी आमच्या पेपरच्या नवरात्र पुरवणीत याच मंडळींची पानभर जाहिरात आली होती. बातमीसारखी दिसणारी जाहिरात असते ना, तसली. मजकूर मी लिहिला, मथळा मी दिला आणि कमिशनही मीच घेतलं. तालुक्याच्या पत्रकाराचं घर पगारावर नाही, जाहिरातीच्या कमिशनवर चालतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी आज ती सबब सांगणार नाही.

ते पान माझ्या चुलत बहिणीनं कापून कपाटात ठेवलं होतं, हे मला फार नंतर कळलं.

ताईचं वय तेव्हा ५१. पोट फुगायचं. साडी नेसताना निऱ्या खोचता येत नाहीत म्हणायची. चार घास खाल्ले की पोट भरायचं. लघवीला सारखं जावं लागायचं. पाळी दोन वर्षं पुढंमागं होत होती, मग थांबली. घरात सगळ्यांचं एकमत, ‘पाळी जातानाचा वात आहे, होतंच या वयात.’ शिबिरात नाडी बघितली, तिथंही तेच सांगितलं. तीन महिन्यांचं पॅकेज, ४,८०० रुपये. उतार पडेना म्हणून आणखी तीन महिन्यांचं. सातव्या महिन्यात पोटात पाणी झालं, तेव्हा जिल्ह्याच्या गावी नेऊन सोनोग्राफी केली. अंडाशयाचा कॅन्सर निघाला. तिसरी स्टेज.

ताई आज आहे. मोठं ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले आणि परत आले. हे लिहू का म्हणून तिला विचारलं तर म्हणाली, ‘लिही. माझं नाव नको. आणि चूर्णवाल्याच्या आधी स्वतःचं लिही.’ म्हणून आधी स्वतःचं लिहिलं.

सात महिने आधी कळलं असतं तर किती फरक पडला असता, हे कुठलाही डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही. हा कॅन्सर मुळातच लपून वाढतो. पण त्या सात महिन्यांत एकानंही तिच्या पोटाला हात लावून बघितलं नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. मनगटाला हात लावला, पाकिटाला हात लावला. पोट तसंच राहिलं.

आता मूळ विषयावर येते.

मी ४७ वर्षांची आहे. गेली दोन वर्षं माझंही पोट धड नाही. दुपारी चारनंतर पोट नगाऱ्यासारखं होतं. कधी तीन दिवस साफ होत नाही, कधी एका दिवसात चार वेळा पळावं लागतं. रात्री घशाशी येतं. मैत्रिणींमध्ये विषय काढला तर सगळ्यांचं हेच. पण बोलायचं कुणाशी? गुडघा दुखतो हे बाई चारचौघांत सांगू शकते. गॅस होतो, संडासला होत नाही, हे सांगायची सोय नाही. नवऱ्यालाही हसू येतं.

हे होतं का? तर होतं. पाळी कायमची थांबण्याआधीची काही वर्षं शरीरातल्या इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या दोन्ही संप्रेरकांचं प्रमाण सरळ खाली येत नाही. ते कधी चढतं, कधी उतरतं. आतड्यांच्या हालचालीवर त्यांचा परिणाम होतो. म्हणून कधी आतडी मंदावतात, कधी घाई करतात. त्यात रात्रीचा घाम, मोडलेली झोप, चिडचिड. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. आपल्याकडं हे सरासरी ४६-४७ व्या वर्षी होतं. म्हणजे त्रास चाळिशीच्या सुरुवातीलाही चालू होऊ शकतो. इंग्रजीतून आलेला शब्द ‘पेरिमेनोपॉज’. मराठीत सरळ ‘पाळी जाण्याचा काळ’ म्हणू या.

आयुर्वेदालाही हा काळ नवा नाही. पाळी बाराव्या वर्षाच्या पुढं सुरू होते आणि पन्नाशीला थांबते, असं सुश्रुतानं नोंदवून ठेवलंय. मधलं वय पित्ताचं आणि उतारवय वाताचं, ही मांडणीही जुनीच. बाई या दोन्हींच्या उंबरठ्यावर उभी असते. म्हणून कधी जळजळ, कधी फुगवटा, कधी भूक मारली जाते, कधी वखवख सुटते. भुकेचा असा भरवसा राहत नाही त्याला ‘विषमाग्नी’ म्हणतात. संप्रेरकांची भाषा वेगळी आणि दोषांची भाषा वेगळी, एकाचं दुसऱ्यात भाषांतर करायच्या भानगडीत मी पडत नाही. पण ज्यांनी हे लिहिलं त्यांनी माणसाकडं नीट बघितलं होतं, एवढं नक्की.

माझं भांडण त्यांच्याशी नाही. त्यांच्या नावावर पुड्या विकणाऱ्यांशी आहे.

मेडिकलच्या काउंटरवर, किराणा दुकानात, आता तर मोबाईलवर दर तिसऱ्या रीलमध्ये पोट साफ करणारं चूर्ण विकलं जातंय. त्यात काय असतं, ते डब्याच्या मागं बारीक अक्षरात वाचा. बहुतेकांमध्ये सोनामुखी सापडेल. सोनामुखी हे जुलाबाचं औषध आहे. चार दिवस घ्यायला हरकत नाही, पण रोज घेतलं की आतड्यांना त्याची सवय लागते आणि त्याशिवाय पोट साफ होईनासं होतं. पोटात मुरडा येतो, शरीरातलं पोटॅशियम कमी होऊ शकतं. ‘नैसर्गिक आहे, सवय लागत नाही’ असं शिबिरात सांगतात ते साफ खोटं आहे.

ॲसिडिटीवर सर्रास दिलं जाणारं अविपत्तिकर चूर्ण घ्या. औषध शास्त्रातलंच आहे. पण त्यात निशोत्तर भरपूर असतं, म्हणजे तेही जुलाबाचंच, आणि त्याहून जास्त असते साखर. चाळिशीनंतर आपल्यातल्या कितीजणींना शुगर आहे? शिबिरात कुणी विचारतं का? भास्करलवण नावातच लवण घेऊन येतं. बीपीच्या बाईला रोज ते चाटवायचं का? ज्येष्ठमध घशाला बरं, पण महिनोन्महिने पोटात गेलं तर बीपी वाढवतं. हे सगळं चांगल्या वैद्याला माहीत असतं. म्हणूनच तो माणूस बघून औषध देतो. पुडीला माणूस दिसत नाही.

आणि हिंगाष्टक? आठ जिनसांचं साधं चूर्ण, सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरं, शहाजिरं आणि हिंग. जेवणाच्या पहिल्या घासाला तुपाबरोबर चिमूटभर घ्यायचं. यातली बहुतेक सगळी सामग्री तुमच्या मिसळणाच्या डब्यात किंवा शेजारच्या बरणीत आहे. आमची आजी हे फुकट देत होती. आज तेच ‘वूमन्स गट केअर’ म्हणून गुलाबी डब्यात घालून सहाशे रुपयांना येतं.

पण मला सगळ्यात जास्त राग पुडीच्या किमतीचा येत नाही. पुडीमुळं जे विचारलंच जात नाही, त्याचा येतो.

ताईचं झाल्यावर मी घाबरून आमच्या भागातल्या एका वैद्य मॅडमकडं गेले. त्या बीएएमएस, पुढं कायचिकित्सेत एमडी. छोटा दवाखाना, बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्या. मी बसल्या बसल्या हात पुढं केला. त्या म्हणाल्या, ‘नाडी बघू नंतर. आधी सांगा, सकाळी पोट साफ करायला किती वाजता जाता?’

‘जमेल तेव्हा.’

‘जमेल तेव्हा म्हणजे?’

म्हणजे डबे झाल्यावर, पाणी भरून झाल्यावर, सगळे बाहेर पडल्यावर. तोवर वेळ निघून गेलेली असते. मग मीच बाहेर पडते.

‘दिवसभरात लघवीला किती वेळा जाता?’

‘बाहेर असले तर नाही जात.’

‘किती तास?’

मी मनात मोजले. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. जिल्ह्याला आढावा बैठक असली की आठ. स्वतःच दचकले.

‘जेवता कधी? कुणाबरोबर? ताजं की उरलेलं?’ मग झोप, पाळीचा हिशेब, गोळ्या कोणत्या चालू आहेत. मला रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या चालू होत्या, कॅल्शियमही होतं. दोन्हींनी मलावरोध होऊ शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. पाऊण तास विचारलं. शेवटी पोट तपासलं. आणि औषध लिहायच्या आधी थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि पोटाची सोनोग्राफी लिहून दिली. ‘हे बघितल्याशिवाय वात म्हणायचा मला अधिकार नाही,’ असं म्हणाल्या. माझ्या ताईला सात महिन्यांत हे एक वाक्य ऐकायला मिळालं नाही.

रिपोर्ट चांगले आले. मग त्यांनी मला जे सांगितलं त्यात औषध सगळ्यात शेवटी होतं.

आयुर्वेदात उपचाराची पहिली पायरी आहे निदान परिवर्जन. ज्या कारणानं दुखणं झालं ते कारण आधी काढा. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या एका अध्यायाची सुरुवातच शरीराचे वेग अडवू नका, इथून होते. तेरा वेग मोजलेत. मूत्र, मल, अपानवायू, ढेकर, भूक, तहान, झोप, अगदी अश्रूसुद्धा. मलाचा वेग अडवला तर पोटात कळा येतात, डोकं दुखतं, वारा सरत नाही, पोटऱ्यांत गोळे येतात, पोट फुगतं, असं त्यात सरळ लिहिलंय.

आता ही तेरा वेगांची यादी घ्या आणि आपल्या शहरातल्या कुठल्याही बाईसमोर धरा. यातला कुठला वेग ती अडवत नाही ते मला सांगा.

आपल्या आठवडी बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या बायका पहाटे पाचला घरून निघतात आणि रात्री आठला पोचतात. बाजारात बायकांसाठी एकही संडास नाही. पुरुषांना भिंत आहे. या बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत, मुद्दाम. मी विचारलं तर एक मावशी म्हणाल्या, ‘पानी पेलं की जावं लागतं, जावं लागलं की माल कोन बघनार?’ स्टँडवर एक आहे, त्याला कडी नाही. तहसीलला आहे, त्याला कुलूप आहे आणि किल्ली साहेबांच्या शिपायाकडं. कापड दुकानातल्या, मोबाईल दुकानातल्या, पतसंस्थेतल्या मुली दिवसभर अडवून धरतात. शाळेच्या बाई दोन तासांच्या मधल्या सुट्टीची वाट बघतात.

आणि गंमत ऐका. ताई ज्या शिबिराला गेली होती तिथं रांगेत तीन तास उभी होती. पोटाच्या तक्रारी घेऊन आलेल्या शंभरेक बायका, आणि मागच्या संडासाला कुलूप. वेग अडवून उभ्या असलेल्या बायकांना वेग अडवल्यानं होणाऱ्या आजाराचं चूर्ण विकलं गेलं. चरकाच्या नावानं!

मुंबईत बायकांनी ‘राइट टू पी’ म्हणून मोहीम चालवली तेव्हा आपल्याकडच्या काही शहाण्यांनी दात काढले होते. मुताऱ्यांसाठी कसली मोहीम? अहो, आरोग्याचा याहून मोठा प्रश्न कुठला? नगरपरिषदेनं गेल्या वर्षी चौकात कारंजं बसवलं. त्याला पाणी आहे. बाजारातल्या संडासाचा विषय निघाला की मात्र ‘पाण्याची सोय नाही’ असं उत्तर येतं.

नगरपरिषदेला बोलून झालं. आता घरात या.

जेवण भूक लागल्यावर, आधीचं पचल्यावर, गरम असताना, शांतपणे, लक्ष देऊन करावं असं शास्त्र सांगतं. पोटाचे तीन भाग कल्पून एक घन अन्नाला, एक पातळाला आणि एक वात-पित्त-कफाला मोकळा ठेवावा, असंही सांगतं. आता आपल्या घरातली बाई आठवा. रात्री साडेदहाला, सगळ्यांचं आटोपल्यावर, ओट्याशी उभ्यानं. गरम भाकरी सगळ्यांच्या ताटात गेली. तिच्या वाट्याला सकाळची पोळी, वाटीत उरलेली भाजी आणि ‘टाकायला नको’ म्हणून पातेल्यातला भात. वर लगेच भांडी आणि मग झोप. दुपारी भूक लागली तेव्हा चहावर भागवलेलं असतं. चरकानं तर पुढचंही लिहून ठेवलंय, की काळजी, दुःख, भीती, राग, अवघडलेली झोप आणि जागरण असेल तर मापात खाल्लेलं चांगलं अन्नही पचत नाही. ज्या बाईला रात्री तीनदा घामानं जाग येते, जिच्या मुलाची बारावी आहे आणि सासूबाई अंथरुणावर आहेत, तिला चमचाभर चूर्ण काय करणार?

मग उपास. संकष्टी, एकादशी, मार्गशीर्षातले गुरुवार, नवरात्राचे नऊ दिवस. श्रद्धेवर बोलत नाही, मीही चतुर्थी करते. पण लंघन म्हणजे पोटाला हलकं ठेवणं. आपण काय करतो? रिकाम्या पोटी तीन चहा आणि दुपारी तुपात थबथबलेली साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद, बटाटा, शेंगदाणा, हिरवी मिरची, हे सगळं अमेरिका खंडातून आपल्याकडं आलेलं. चरकानं यातलं काही डोळ्यांनी बघितलेलं नव्हतं. खिचडी आवडते तर खा, मलाही आवडते. पण दुसऱ्या दिवशी पोट धरून ‘आयुर्वेदिक काहीतरी द्या’ म्हणू नका. मॅडमनी मला उपासाला भगर आणि ताजं ताक सांगितलं. तेवढ्यानं चतुर्थीची दुसरी सकाळ सुधारली.

बाकी त्यांनी काय सांगितलं? रात्रीचं जेवण आठच्या आत, बसून, गरम. सकाळी उठल्यावर कोमट पाणी आणि आधी संडास, मग डबे. दुपारच्या जेवणात जिरं-सैंधव घातलेलं ताजं, न आंबलेलं ताक, जळजळ असेल त्या दिवशी नाही. हरभऱ्याची डाळ, वाटाणा, छोले कमी, मूग जास्त. जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं. लोहाच्या गोळीबद्दल ज्यांनी ती दिली त्या डॉक्टरांशी बोलून वेळ बदलून घेणं. आणि चार आठवड्यांपुरतं एक साधं औषध. महिन्याचा औषधाचा खर्च दीडशे रुपये.

दोन महिन्यांत सत्तर टक्के फरक पडला. उरलेल्या तीस टक्क्यांचं काय, असं मी विचारलं तर हसून म्हणाल्या, ‘ते वयाला द्या थोडं, आणि नगरपरिषदेला थोडं.’

आठच्या आत बसून जेवायला मला घरात किती भांडावं लागलं, त्याची वेगळी पोस्ट होईल.

आता कायद्याचं. आपल्याकडं ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा १९५४ पासून आहे. पाळीच्या तक्रारी दुरुस्त करण्याचा दावा करणाऱ्या औषधांची जाहिरात करायला त्यात बंदी आहे. सोबतच्या यादीत गर्भाशयाचे विकार आहेत, सरसकट स्त्रियांचे आजार आहेत, कॅन्सरही आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे गेटवरचा तो फ्लेक्स या कायद्याच्या कचाट्यात येतो असं मला वाटतं. आणि माझी चार वर्षांपूर्वीची पुरवणीसुद्धा. २०१८ मध्ये केंद्रानं आणखी एक नियम आणला, १७० नंबरचा. आयुर्वेदिक औषधाच्या जाहिरातीला आधी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याची मंजुरी घ्या म्हणून. २०२४ च्या जुलैत तो केंद्रानंच काढून टाकला. ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानं त्या काढण्याला स्थगिती दिली आणि पुढच्या वर्षी ते प्रकरणच निकाली निघालं. नियम येतात आणि जातात. १९५४ चा कायदा जागेवर आहे, पण तो वापरायचा कुणी?

सरकारची तरी आपल्यावर नजर आहे का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बायकांना प्रश्न विचारले जातात ते १५ ते ४९ वयाच्या. मूल होण्याचं वय संपलं की बाई त्या प्रश्नावलीतून बाहेर. पुरुषांना मात्र ५४ पर्यंत विचारतात. आशाताई गरोदर बाईच्या घरी चार चकरा मारतात, त्यांचं काम त्या चोख करतात. पण ४८ वर्षांच्या बाईच्या दारात ‘पोट कसं आहे’ म्हणून विचारायला कुणाला पाठवलेलंच नाही. ही रिकामी जागा शिबिरवाल्यांनी बरोबर हेरलीय.

‘म्हणजे तुम्ही ॲलोपॅथीवाल्यांच्या बाजूच्या,’ अशी कमेंट येणार, म्हणून आधीच सांगते. तिकडंही सगळं आलबेल नाही. आपल्याच शहरात दोन मिनिटांत गॅसची गोळी लिहून ‘पुढचा पेशंट’ म्हणणारे आहेत. ती गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्या बायका मला माहीत आहेत, ती कशासाठी सुरू केली होती हे त्यांना आठवतही नाही. आणि ‘पिशवी काढून टाका, सगळे त्रास जातील’ म्हणणारे तर त्याहून भयंकर. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांचं प्रकरण २०१९ मध्ये एवढं गाजलं की सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तेव्हा प्रश्न पॅथीचा नाहीच. बाईला खुर्चीत बसवून पाऊण तास विचारणारा माणूस हवा, तो कुठल्या पदवीचा आहे हे नंतर बघू.

एवढं मात्र कुणीही असलात तरी लक्षात ठेवा. पोट फुगणं येऊन-जाऊन असेल, खाण्याशी जुळत असेल, तर घरचे उपाय करून बघा. पण फुगवटा दोन-तीन आठवडे जवळजवळ रोज असेल, थोडक्यात पोट भरत असेल, ओटीपोटात दुखत असेल, लघवीला सारखं जावं लागत असेल, तर ‘वात’ म्हणून सोडू नका. पोट तपासून घ्या, सोनोग्राफी करून घ्या. संडासवाटे रक्त, काळी शी, कारण नसताना वजन उतरणं, पाळी वर्षभर थांबून पुन्हा रक्त दिसणं, यात एक दिवसही चूर्णावर घालवू नका. आणि ‘ॲसिडिटी’बरोबर घाम, दम, जबडा किंवा पाठ दुखणं आलं तर सोडा पिऊन पडून राहू नका, थेट दवाखाना गाठा. बायकांचा हार्ट अटॅक पुष्कळदा ॲसिडिटीसारखा येतो.

आता मी काय करणार ते.

एक, यापुढं आरोग्याच्या दाव्याची एकही जाहिरात माझ्या हातून जाणार नाही. कमिशन बुडेल, बुडू दे. दोन, त्या फ्लेक्सचा फोटो आणि माझ्या जुन्या पुरवणीचं पान, दोन्ही जोडून अन्न व औषध प्रशासनाकडं लेखी तक्रार दिलीय. त्यात माझं नाव लिहिणारी म्हणूनही आहे आणि तक्रार करणारी म्हणूनही. तीन, आठवडी बाजारात पाण्याची, कडीची आणि रोज साफ होणारी बायकांची चार संडास हवीत, असं निवेदन सोमवारी नगरपरिषदेत द्यायचंय. सही करायला या. पुरुषांनीही या. तुमच्याच आईचं आणि बायकोचं पोट आहे.

आणि एक काम आज रात्रीच होण्यासारखं आहे, त्याला निवेदन लागत नाही. आठ वाजता घरातल्या बाईला पहिलं ताट वाढा. गरम भाकरी तिच्या ताटात. भांडी दुसऱ्या कुणीतरी घासा.

शिबिर येत्या रविवारी सकाळी दहाला आहे. मी आणि ताई दोघी जाणार आहोत. रांगेतल्या बायकांना आम्ही फक्त वरची लक्षणं वाचून दाखवणार, आणि आयोजकांना एवढंच विचारणार, की मागच्या संडासाची किल्ली कुणाकडं आहे.